जावईबापू, माझी मेस गुगलवर वर कधी येणार?

"मामी, लिंका लावून राहिलो, गुगलला वेळ लागतो." दिवाळीपासून हेच! लातूरला क्लासला येणाऱ्या मुलींसाठी माझ्या खोल्या अन् मेस हाय, त्याची वेबसाइट नणंदेच्या जावयानं केली. दुसऱ्यांच्या साइटवर आपली लिंक असली की गुगल वर दाखवतं म्हणे.

आज फोन आला. वाटलं, नांदेडहून कुणी पोरीसाठी विचारतंय. तर उदगीरचा आडत्या! "ताई, तूर काय भावानं देता?" जावयानं लिंक धान्यबाजाराच्या साइटवर लावलेली!

"तूर ताटात वाढते, पोत्यात न्हाई," म्हणून ठेवला फोन.

जावयाला बोललं की नणंद रुसते. पण क्लासचे प्रवेश याच महिन्यात हायेत. पोरी दुसरीकडं गेल्या तर माझ्या खोल्या वर्षभर रिकाम्या.

ज्यांची साइट वर आली त्यांनी खरं सांगा, किती महिने लागले? जावईबापू, तुम्हीबी सांगा, रविवारपर्यंत. सोमवारी मी दुसरा माणूस बघते, मग नणंद रुसली तरी चालंल.