समुद्र बघायला निघालो तेव्हा

“ए, तू आमच्या गावचा न्हवं? ऊठ. ही ट्रंक घे डोक्यावर.”

बेळगाव स्टेशनात तिसऱ्या वर्गाच्या शेडमध्ये मी गोव्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. खिशात माझं तिकीट होतं. अंगात धुतलेला सदरा होता. समोर आमच्या गावचे धाकटे पाटील उभे. नुकतेच पुण्याच्या गाडीतनं उतरलेले. मागं त्यांची बायको, पोरं आणि सामानाचा ढीग.

आणि मी उठलो. ह्याचीच चीड मला अजून येते. डोकं नको म्हणत होतं आणि पाय उठून उभे राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या अंगातला पीळ गुलामीचा होता.

आमच्या गावचा रिवाजच तसा. महारवाड्यातला माणूस पाटलाला कुठंही दिसो, रानात, बेळगावच्या खडेबाजारात, स्टेशनात, तो पाटलाच्या कामाचा. मजुरी विचारायची नाही. ह्याला वेठ म्हणायचे. बिल्ला लावलेला हमाल पुढं आला होता. पाटलांनी त्याला हातानंच बाजूला सारलं.

“आमचा महार हाय की हितं,” ते म्हणाले.

आमचा! त्यांची बैलजोडी, त्यांची विहीर, त्यांचा मी.

खरं तर मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होतो. गाव सोडून बरीच वर्षं झाली होती. हंगाम संपला, वखार बंद झाली, आणि माझ्या मनानं घेतलं की समुद्र बघायचा. गोवा म्हणजे पोर्तुगीजांचा मुलूख. कॅसलरॉक स्टेशनाच्या पुढं इंग्रजाचं राज्यच संपतं. वखारीतले म्हणाले, “तुला खूळ लागलंय रं. परमुलखात एकटा जाऊन करणार काय?” काय करणार! बघणार. जन्मभर मी जिथं गेलो तिथं दुसऱ्याच्या कामानं गेलो. पाटलाचा निरोप घेऊन, कुणाच्या मयताचा सांगावा घेऊन, कुणाचं ओझं घेऊन. एकदा तरी माझ्या मर्जीनं, बिनकामाचं कुठंतरी जायचं होतं. श्रीमंत जातात ना हवा खायला? मग मी का नाही?

शेडमध्येही एकानं विचारलं होतं, “कुणाच्या कामाला निघालास?” मी म्हणालो, “कुणाच्या न्हाय. हिंडाय चाललोय.” त्याला ते खरं वाटेना. मग त्यानं जात विचारली. मी सांगितली. तो वळकटी उचलून पलीकडं जाऊन बसला.

ट्रंक डोक्यावर घेऊन मी स्टेशनाबाहेर आलो. मनात म्हटलं, पाटलांचा छकडा उभा आहे, त्यात टाकतो आणि सुटतो. पण छकड्यात बायका-पोरं बसली आणि छकडा भरला. पाटील म्हणाले, “मागनं चल गावापतोर.”

तेवढ्यात आत माझ्या गाडीची घंटा झाली.

“मालक, माझी गाडी आली. तिकीट काढलंय मी.”

“कुठलं?”

“गोव्याचं. समुद्र बघाय चाललोय.”

पाटील मोठ्यानं हसले. “गाढवाला गुळाची चव काय? समुद्र कुठं पळून जातोय व्हय रं? चल मुकाट्यानं.” मग त्यांचं हसू एकदम गेलं. “आम्ही अजून बघिटला न्हाय, आन् तू बघणार?”

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या मानेवरचं ओझं मला पहिल्यांदा ओझं वाटलं. ह्या माणसाला ट्रंकेची काळजी नव्हती. त्याच्या आधी मी काही बघू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं.

मी ट्रंक आपटली नाही. त्यांच्या पायापाशी नीट ठेवली.

“हमाल हाय आत. बोलवा त्याला,” मी म्हणालो.

“तुझा बाप गावात हाय. ध्यानात ठेव.”

मी पळालो. चालत्या गाडीत चढलो. भीती होती, आणि संताप त्याहून मोठा होता.

समुद्र बघितला. त्याच्या काठावर बसून मी दिवसभर पाटलालाच शिव्या देत होतो. माझी सुट्टीसुद्धा त्यानं नासवली.

परत गावी आलो तर घरात माझे वडील, आप्पा, पडून होते. मान वळत नव्हती. पाटलांनी दुसऱ्या दिवशी त्यांना मुद्दाम बेळगावला पाठवलं होतं, स्टेशनाबाहेर एका दुकानात ठेवलेली ती ट्रंक आणायला. म्हाताऱ्या माणसानं उन्हातनं डोक्यावर आणली.

“जा, पाया पड पाटलाच्या,” आप्पा म्हणाले. “बलुतं बंद करतो म्हणालाय. खळ्यावरचं धान्य मिळायचं न्हाय.”

मी तसाच चावडीवर गेलो. पाटील होते, चार माणसं होती. पाया पडलो नाही.

“बलुतं घालू नका,” मी म्हणालो. “आजपासनं आमच्या घरातनं वेठीला कोण येणार न्हाय. मी न्हाय, बाप न्हाय, माझी पोरं हुतील ती न्हाय.”

आप्पांना कळलं तेव्हा ते रडले. “आन् खायाचं काय रं?”

“उपाशी राहू,” मी म्हणालो.

वखारीच्या मजुरीत घर भागेना, त्या वर्षी खरंच उपाशी राहिलो. आप्पा माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. आई सारखी सांगायची, जा, एकदा माफी माग. मी गेलो नाही. मेलो असतो तरी गेलो नसतो.