मोंबासात आमच्या दारी आलेलं जेवण

आमच्या चर्चचा गट सेवेसाठी केनियाला निघाला की ठाण्यात कोपरीच्या आमच्या इमारतीत माझी थट्टा सुरू होते. "काय साहेब, यंदाही सिंह बघायला का?" खालचे सावंत जिन्यातच अडवतात. मी छाती पुढे काढून सांगतो, "सावंत, मागच्या वेळी तुमचा फोटो दाखवला, तर सिंहाने जंगलच सोडलं!" ते हसतात, मी त्यांच्याहून मोठ्याने हसतो. नाताळच्या नाटकात हेरोद राजाचं काम हक्काने माझ्याकडे येतं, एवढा आवाज देवाने दिलाय. पण मी तिकडे का जातो, हे जिन्यात सांगता येत नाही. माझा विश्वास पार विझला होता, त्या दिवसांची ती गोष्ट आहे.

आमचा एकुलता एक मुलगा नोएल मालवाहू जहाजावर नोकरीला होता. मोंबासाच्या बंदरात त्याला ताप आला. मलेरिया निघाला आणि मेंदूपर्यंत गेला. मी आणि माझी बायको रूथ धावत पोचलो, तोवर तो गेलेला होता. त्याला घरी आणायची कागदपत्रं होईपर्यंत तिथल्या एका लहानशा पाहुणेघरात थांबावं लागलं. विमानात सगळा वेळ मी एकच प्रार्थना केली होती. आता 'प्रभू' म्हणायचो आणि पुढे जीभ उचलायची नाही.

रूथ रडली नाही. भिंतीला टेकून दाराकडे बघत बसली, आणि जेवेना. तिला साखरेचा आजार. पोटात अन्न नाही म्हणून गोळीही घेता येईना. डोळे खोल गेले. मुलामागोमाग हीही जाते की काय, या भीतीने माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. पाहुणेघर सांभाळणाऱ्या एस्तेरबाई ताट ठेवायच्या आणि तसंच उचलून न्यायच्या. शेवटी त्या स्वयंपाक्यालाच घेऊन आल्या. तो टोपी हातात धरून माफी मागू लागला, मीठ जास्त पडलं का म्हणून! त्या अवस्थेतही मला हसू फुटलं.

"अगं, दोन घास खा," मी रूथला म्हणालो.

"अहो, मयताच्या घरात कुणी असं जेवण मागवतं का? माणसं येतील, डबे आणतील, प्रार्थना होईल. मग बसू."

"इथे कोण येणार गं, रूथ?"

ती पुन्हा दाराकडे बघू लागली. तेव्हा मला उलगडा झाला. आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणतात, संध्याकाळी मंडळी जमून गीतं गातात. माझी आई गेली तेव्हा सावंत वहिनींचा पिठलं-भात चर्चच्या डब्यांआधी पोचला होता. रूथ समुद्रापलीकडे बसून त्याचीच वाट बघत होती. हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत एस्तेरबाईंना सांगितलं, ते केवळ त्या स्वयंपाक्यावर बोल येऊ नये म्हणून. त्या मान हलवून निघून गेल्या.

संध्याकाळी दार वाजलं. एस्तेरबाईंच्या चर्चमधल्या बायका झाकलेली पातेली घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एकही आम्हाला ओळखत नव्हती. सगळ्या जमिनीवर बसल्या आणि गायल्या. मला त्यातले हालेलुया आणि आमेन एवढेच शब्द कळले. मग एका म्हाताऱ्या बाईने मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा घास केला, पालेभाजीत बुडवला आणि रूथच्या तोंडाशी धरला.

"अहो, माणसं आली," रूथ मला म्हणाली. तिने तोंड उघडलं, आणि घास तोंडात असतानाच हंबरडा फोडला. म्हातारीने तिला गप्प केलं नाही. तिचा हुंदका ओसरेपर्यंत थांबली आणि दुसरा घास केला.

नोएलला आम्ही ठाण्यात आणून मातीत ठेवलं. तो का गेला, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. त्या संध्याकाळी मी काही मागितलं नव्हतं, मागायची ताकदच नव्हती. तरी कुणीतरी येऊन जवळ बसलं. त्याला काय म्हणायचं, ते ज्याने त्याने ठरवावं. मी मात्र त्यानंतर पुन्हा प्रार्थना करू लागलो.

तिकडे मोंबासात आमचा गट शाळेच्या भिंती रंगवतो, आजारी माणसं तपासतो. मी मुलांना नाटकं करून दाखवतो. पण तिथल्या वस्तीत कुणी वारलं, की जेवण घेऊन जायला एस्तेरबाई मला हाक मारतात. गेल्या खेपेला मुलगी गमावलेला एक बाप भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी पातेलं उघडलं, त्याने मान फिरवली. पूर्वीचा मी असतो तर त्याला समजावायला एक लांबलचक भाषण ठोकलं असतं. तो जेवेल की नाही, हे प्रभूवर सोपवून मी शेजारी नुसता बसलो. जेवण निवलं. त्याने घास घेतला नाही; पण मी उठायला लागलो, तेव्हा त्याने माझा हात धरला आणि मला खाली बसवलं.