दोनशे शिक्क्यांचं बेट

हातातला कप आधी खाली ठेवा. मागं एकदा हे सांगताना एका बाईच्या नाकातनं चहा आला आणि तिचं नवं लुगडं मला धुवून द्यावं लागलं. ठेवला? मग ऐका. चहा पिऊन माणूस किती येडं बनू शकतं, ते मी तुम्हाला स्वतःच्याच तोंडानं सांगते. दुसरे सांगतात तेव्हा तिखटमीठ लावतात. आणि खरं सांगू का, माझ्या गाढवपणाला तिखटमिठाची गरजच नाही.

बहात्तरचा दुष्काळ आम्ही खडी फोडून काढला. त्यानंतर काही वर्षांनी पुन्हा तसलाच एक आला. आमच्या भागात दुष्काळ म्हणजे जावई. बोलवावा लागत नाही, आला की हलत नाही, आणि त्याच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. विहिरींचे तळ दिसत होते. अणदूरपासनं कोसावर आमचं गाव. तिथं एक दिवसाआड टँकर यायचा आणि आम्ही बायका पहाटेपासनं घागरी मांडून भांडायच्या तयारीत बसायचो.

त्या रांगेतच हे सगळं सुरू झालं.

माझी थोरली जाऊ, तिला आम्ही अक्का म्हणतो. तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले भाऊजी, साखर कारखान्याचे संचालक. कारखान्याला ऊस नव्हता, पण संचालकांना दौरे होते. त्या साली दुष्काळाचा अभ्यास करायला सगळे संचालक बायकांसकट कुठं गेले असतील? मुंबईला, समुद्रावर! अभ्यास करायचा तर पोटभर करावा.

अक्का परत आली ती पायात नवी चप्पल घालून थेट रांगेत.

"काय सांगू गं कौसा," ती मला म्हणाली, पण ऐकू गेलं साऱ्या गावाला, "पाणी, पाणी आन् पाणी! पल्याडचा काठच न्हाय! तुला न्हाय कळायचं. तुझ्या नशिबात ह्यो टँकर."

झालं! माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं की जीभ आधी धावते आणि अक्कल मागनं चालत येते, हा माझा जन्मापासनंचा रोग.

"अक्का," मी म्हणाले, "तुम्ही काठावरनं बघितलासा. म्या समुद्राच्या मदी जाऊन दोन दिस राहून येईन. मदी! न्हाय गेले तर नावाची कौसा न्हाय!"

साऱ्या बाया हसल्या. अक्का तर घागरीवर वाकून हसली. आता मला सांगा, कौसाबाईकडं समुद्राच्या मध्ये जायला काय होतं? दोन म्हशी होत्या, त्यातली एक आटलेली.

पण देवाची करणी बघा. त्याच आठवड्यात फाट्यावरच्या बसण्णानं योजना काढली.

बसण्णा म्हणजे आमच्या फाट्यावरचा हॉटेलवाला. गुलबर्ग्याकडचा, बोली कानडी, मराठी कामापुरती. हॉटेल म्हणजे चार बाकडी, वर पत्रा आणि चहाचं पातेलं. त्याच्या समोरच दुसरं हॉटेल निघालं, तेही कर्ण्यावर गाणी वाजवणारं. गिऱ्हाईक तिकडं पळायला लागलं. मग बसण्णानं पुठ्ठ्याची पिवळी कार्डं काढली. एक कप चहा, एक निळा शिक्का. दोनशे शिक्के भरले की त्याच्या भावाकडं दोन माणसांना दोन दिवस राहणं-जेवणं फुकट.

मी दूध सोसायटीचं दूध पोचवायला फाट्यावर गेले, तेव्हा नळदुर्गचा पेंटर पाटी रंगवत होता. बसण्णाला मराठी वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, "कौसम्मा, तुमी शिकलेली बाई. बघा की, बरोबर लिवलंय का."

शिकलेली बाई! चौथी पास! पण कुणी शिकलेली म्हटलं की मान आपोआप वर होते. मी वाचलं, 'दोनशे शिक्के भरा, बेट्टावर मुक्काम फुकट.'

"अरे पेंटर," मी कडाडले, "शाळेत गेलतास का म्हशीमागं? बेट्टा काय, बेट्टा? बेट असतंय ते! बेटावर! पूस तो एक ट!"

"पर बसण्णा तसंच बोलत्यात, बाई," पेंटर पुटपुटला.

"बसण्णा कानडी हाय. तू बी कानडी हायस का?"

गपगुमान पुसला बिचाऱ्यानं. बेट! अहो, चौथीच्या भूगोलात होतं, चारी बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट. हीच ती समुद्रातली जागा! तरी मी काही भोळसट नाही. नीट चौकशी केली.

"बसण्णा, तिथं पाणी हाय का?"

"नीरु? भरपूर! मोठा कुंड हाय."

"वारं?"

"अम्मम्मा! उडून जातंय माणूस!"

"आन् जायला होडी लागते का?"

ह्यावर बसण्णा एकदम दचकला. दोन पावलं मागं सरला आणि दोन्ही हात हलवत म्हणाला, "होडी बेडा, कौसम्मा! होडी बेडा! शांत जागा हाय ती!"

"मग जायचं कसं?"

"चालत. पायऱ्या हायत की चांगल्या."

म्हणजे समुद्रात पूल बांधलाय आणि पुलाला पायऱ्या आहेत! माझी खात्रीच पटली.

त्या दिवसापासनं मी चहाला लागले. लागले म्हणजे कशी? अंगात आल्यासारखी! मालकांना सकाळी तीन कप, संध्याकाळी तीन. मालक म्हणजे आमचे हे. गरीब माणूस. पाचव्या कपाला म्हणायचे, "अगं, पोटात आग पडलीया."

"समुद्रावर गेल्यावर इजंल. प्या."

दूध सोसायटीच्या बायकांची बैठक मी मारुतीच्या देवळातनं उचलून बसण्णाच्या बाकड्यावर नेली. विषय एकच, दूध का घटलं. बैठका सहा झाल्या. दूध घटतच गेलं, शिक्के वाढत गेले. घरी पाव्हणा आला की मी चूल विझवायची. "चहा इथं कशाला? फाट्यावर चला." पुतणीला बघायला पाव्हणे आले, नऊ माणसं. त्यांनाही उन्हात कोसभर चालवत फाट्यावर नेलं आणि दोन-दोन कप पाजले. अठरा शिक्के! नवरा मुलगा तिसऱ्या कपाला नको म्हणाला, तर मी त्याच्या बापाला विचारलं, "पोरगं आजारी असतंय का हो?" सोयरीक मोडली. ते जाऊ द्या, पुतणीला पुढं चांगलं स्थळ मिळालं.

आणि मी गप्प बसले असते तर? छे! रांगेत रोज सांगायची, एकशेचाळीस झाले, एकशेसाठ झाले. बायका विचारायच्या, बेट कसलं असतं, आणि मी सांगायची. नारळाची झाडं, पांढरी वाळू, दाराशी लाट. कुठनं सुचत होतं देव जाणे. अक्काचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. तेवढ्यासाठी मी अजून दोनशे कप प्याले असते.

दोनशेवा शिक्का बसला आणि बसण्णानं भावाच्या नावानं कानडीत चिठ्ठी दिली.

तयारी काय विचारता! मला पोहता येत नाही, मालकांना तर टँकरखाली अंघोळ करायची भीती. म्हणून मी माहेराहून दोन वाळके भोपळे आणले, पोरं पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकतात ना, तसले. पूल मोडला तर? निघायच्या दिवशी सगळी गल्ली एस.टी.पर्यंत सोडायला आली. अक्का मात्र आली नाही. तिचं डोकं दुखत होतं म्हणे. दुखणारच!

एस.टी. उमरग्यावरनं गुलबर्ग्याकडं निघाली. काचेतनं बघते तर इकडं आमच्याहून जास्त वाळलेलं. मी कंडक्टरला विचारलं, "समुद्र किती वेळानं येतोय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग भोपळ्यांकडं बघितलं. मग मालकांकडं बघून हळूच विचारलं, "दवाखान्यात न्यायलाव का?"

आणि आमचे मालक? आयुष्यात पहिल्यांदा चटकन बोलले. "न्हाय, तिथनं सुटलीया."

उतरलो तिथं एक लिंबाचं झाड आणि त्याखाली बसण्णाचा भाऊ. चिठ्ठी वाचून त्यानं हात जोडले. मी म्हणाले, "दादा, बेट कुठाय?"

त्यानं बोट वर केलं. वर म्हणजे वर, आभाळाकडं! बघते तर उघडाबोडका, काळा डोंगर. त्याच्या अंगावर पायऱ्या आणि डोक्यावर एक देऊळ.

"ह्यो तर डोंगर हाय!"

"हं! बेट्ट!" तो खुशीत म्हणाला. "डोंगर म्हंजेच बेट्ट की, अम्मा!"

तुम्हाला वाटेल, आता तरी हिच्या डोक्यात उजेड पडला. कशाचा! मी म्हटलं, समुद्र डोंगराच्या पलीकडं असणार. पाण्याच्या मध्ये डोंगर असतो की! लुगडं खोचलं, पाठीवर भोपळा, आणि निघाले वर. मालक मागं, त्यांच्याही पाठीवर भोपळा. देवाला निघालेले लोक थांबून आम्हाला वाट देत होते. एका म्हातारीनं तर मला नमस्कार केला. तिला वाटलं, भोपळ्याचा नवस असावा.

वर पोचले. जीभ टाळूला चिकटलेली. धावत पूर्वेच्या कठड्याला गेले, वाळलेली शेतं. पश्चिमेला गेले, वाळलेली शेतं. दक्षिणेला, उत्तरेला... चारी बाजूंनी जमीन असलेला जमिनीचा भाग! आमचा दुष्काळ मी आजवर एका जागेवरनं बघत होते. आता दोनशे कप चहा पिऊन चारी दिशांनी नीट बघितला.

मालक शेजारी आले. कपाळावर हात धरून लांबवर बघितलं आणि म्हणाले, "कौसा, पल्याडचा काठ मात्र खरंच दिसत न्हाय बघ."

मी पाठीवरचा भोपळा सोडून ठेवला.

मग बसण्णाच्या भावानं एकेक करून सगळं उलगडलं. कानडीत बेट्ट म्हणजे डोंगर. कुंड होतं, पण यंदा आटलं. आणि होडी म्हणजे? मार! हाण! आणि बेडा म्हणजे नको. मी भर हॉटेलात त्या गरीब बसण्णाला विचारलं होतं, तिथं जायला मारामारी लागते का? आणि तो मला विनवत होता, मारू नका बाई, शांत जागा आहे. अशी माझी ख्याती!

देवळाशेजारच्या त्याच्या खोल्यांत राहणं फुकट होतं, जेवण फुकट होतं. पाणी तेवढं ज्यानं त्यानं खालच्या आडावरनं आणायचं. म्हणजे गावात मी सपाटीवर पाणी भरत होते, आणि इथं सहलीला येऊन डोंगर चढून भरलं. दोन दिवस, चार घागरी. पहिली घागर वर आणली आणि तिथंच पायरीवर बसून ओंजळीनं प्याले. काय पाणी होतं! असं पाणी जन्मात प्याले नव्हते.

परत येताना एस.टी.त मी मालकांना बजावलं, "गावात तोंड उघडलंत तर बघा."

"म्या कवा उघडलंय?" ते म्हणाले.

खरं सांगायला हवं होतं, कबूल आहे. पण साऱ्या गावासमोर अक्काला मान खाली घालायला लावून आता मीच घालू? जमणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी टँकरची रांग लागली आणि साऱ्या बाया माझ्याभोवती. मी सुरू झाले. अशी वाळू, असे नारळ, अशा लाटा! मालक घागरीवर बसून जमिनीत काडीनं रेघा ओढत होते. बायकांच्या तोंडाचा आ मिटत नव्हता. अक्का मान खाली घालून उभी होती. अहो, जिंकले होते मी! पुरती जिंकले होते!

तेवढ्यात अक्कानं हळूच विचारलं, "कौसा, आन् पाणी गं? चाखून बघितलंस का?"

समुद्राचं पाणी खारट, हे तान्ह्या लेकरालासुद्धा ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण पाणी म्हटल्याबरोबर माझ्या जिभेवर आली ती डोंगरावरची ओंजळ, आणि मी डोळे मिटून म्हणाले, "चाखून? अवो अक्का, ओंजळीनं प्याले! असं गोड, असं गोड, की घागर भरून आणावंसं वाटलं!"

रांगेत एक बाई हसली. मग दुसरी. अक्काला तर हसताना उभं राहवेना, ती टँकरच्या चाकाला धरून म्हणाली, "बाया हो, टँकरवाल्याला सांगा, उद्यापासनं समुद्रावरच भरत जा म्हणावं! कौसाला गोड लागलंय!"

आता शहाण्या बाईनं काय करावं? गप्प बसावं, घागर उचलावी, घरी जावं. पण तुम्हाला म्हटलं ना, जीभ आधी धावते. मालकांनी उपरण्यात तोंड लपवलं, ते मला दिसलं, तरी मी कमरेवर हात ठेवून साऱ्या रांगेला ठणकावलं,

"हसताव कशाला? तिकडं औंदा पाऊस चांगला झालाय, म्हणून गोड लागलं!"