पांढरीच्या खड्ड्यातला पुरुषाचा रोज

खड्ड्याची भिंत बसली तेव्हा माझी सून खाली होती. आधी ढब्ब असा आवाज आला, मग धूळ. धूळ विरली तरी ती दिसेना. तिच्याबरोबर खणणारा माझा चुलत दीर कमरेपर्यंत गाडला गेला होता. तो नुसतं तोंड उघडत होता, आवाज निघत नव्हता. मी काठावर रिकामी पाटी धरून उभी. पाय उचलेना.

आमच्या गावाबाहेर प्रवरेच्या कडेला जुन्या वस्तीचं टेकाड आहे, त्याला आम्ही पांढरी म्हणतो. माती राखेसारखी भुसभुशीत. पूर्वी लोक गाड्या भरून ती शेतात टाकायचे. यंदा तिथं जुनं काही सापडतं का बघायला खोदकाम निघालं. पुरुष टिकावानं खणायचे, आम्ही बाया पाट्या वाहायचो. पुरुषांचा रोज जास्त, आमचा कमी. त्याचं कोणाला नवल नव्हतं. आमच्याकडे बाई नांगर धरत नाही, तसा इथं टिकावही धरायचा नाही, हे न बोलताच ठरलं होतं.

पुण्याहून अर्थशास्त्र शिकणारी एक मुलगी आली होती. बाई आणि पुरुषाच्या मजुरीत फरक कधीपासून पडला, ते ती शोधत होती. खड्ड्यात धान्याच्या मोठाल्या कणग्यांचे तळ निघाले होते. ती सांगायची, धान्य एका जागी साठायला लागलं तशी त्यावर राखण आली, वाटे ठरवणारा आला, आणि राज्य तिथून सुरू झालं. कोणाच्या कामाला किती द्यायचं, तेही तेव्हाच कोणीतरी ठरवायला लागलं असेल. खात्री तिलाही नव्हती. मी म्हटलं, तेव्हाचं मला काय माहीत, आता मुकादम ठरवतो. मग तिनं विचारलं, बाईनं खणलं तर किती देतील?

हे आमच्यात कधी कोणी विचारलंच नव्हतं. सुनेनं दुसऱ्या दिवशी मुकादमाला विचारलं. तो हसला, पण त्या मुलीदेखत नाही म्हणता येईना. खण, म्हणाला, पुरुषाचा रोज घे. चुलत दीर मला म्हणाला, “वैनी, आता सुनबाईच्या हातात नांगर बी द्या.” सून म्हणाली, “मामा, तुमी बिडी वढस्तवर माझं निम्मं खनून हुतंय.” सगळे हसले.

मला हसू आलं नाही. घरी मी तिला सांगितलं, तुझं पोर लहान आहे, खाली उतरू नको. ती उतरली. वर पाट्या वाहणारी एक बाई कमी झाली आणि मुकादमानं तिच्या जागी दुसरी आणली नाही. माती लांब नेणं होईना. तो म्हणाला, टाका इथंच काठाला. काठावर ढीग चढत गेला. पांढरी भार धरत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. मी ढिगाकडे बघायचे, मग खाली तिच्या डोक्याकडे. मुकादमाला बोलले, तर म्हणाला, म्हातारे, तुला वाहायचा रोज आहे, बोलायचा नाही.

भिंत बसल्यावर पुरुष टिकाव घेऊनच धावले. तेव्हा कुठं माझे पाय सुटले. मी म्हणाले, “टिकाव टाका. डोस्कं फुटंल तिचं.” बायांनी हातांनी माती ओढली, पाट्या भरून मागं दिल्या. ती अर्थशास्त्राची मुलगीही गुडघे टेकून ओढत होती. आधी केस लागले, मग कपाळ. तोंडात माती भरलेली. मी बोट घालून काढली. सून हलेना. मग ती खोकली.

दवाखान्यात मुकादम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, बाई खाली उतरली म्हणून हे झालं. चुलत दीर मोडलेला पाय घेऊन खाटेवर पडला होता. तो म्हणाला, “माती वर हुती. सुनबाई माझ्यासंगं खाली हुती. तिनं कशी पाडली?” मुकादम बाहेर गेला.

काम पुन्हा सुरू झालं तेव्हा बायांना पाट्याच मिळाल्या, रोजही तोच.

त्या खड्ड्यात दोघं होती, माझी सून आणि माझा चुलत दीर. दोघंही जगली.