तलवाड्याचा लोटा आणि माझे बारा टप्प्यांचे शॉक

जीपच्या नव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरना बारा टप्प्यांची घुंडी आहे, हे मी इतक्या जणांना ऐकवलं होतं की सोसायटीचा वॉचमन मला बघितलं की फोन कानाला लावायचा. जाड स्प्रिंगा, उंची दोन इंच जास्त, आणि घुंडी सर्वांत कडक म्हणजे बाराव्या टप्प्यावर. गॅरेजवाल्या मिलिंदने बजावलं होतं, "हात लावू नकोस." एवढा थाट करून कोथरूडच्या स्पीडब्रेकरवर फिरणं जिवावर आलं. दुष्काळामुळे गोदावरी कोरडी होती. पात्रातल्या वाळूत गाडी घालू म्हणून पहाटे एकटाच निघालो.

नगर, पाथर्डी करत दुपारी गेवराई. रस्ता बरा आहे, माझ्या मणक्याला तेवढा पटला नाही. हॉटेलात पिठलं, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, शंभर रुपयांत पोटभर. मालकाने जीपकडे बघून विचारलं, "वाळूला आलात का?"

"हो!" मी उत्साहाने म्हणालो.

"हळू बोला की! आन् एवढ्याशा गाडीत मावंल किती?"

नदीत गाडी घालणारा इथे एकाच धंद्याचा समजला जातो, हे लक्षात आलं आणि वाळूचा बेत तिथेच संपला. मुक्काम लॉजवर केला. सकाळी खराब रस्त्याच्या शोधात तलवाड्याकडे निघालो. तो फार शोधावा लागला नाही.

तलवाड्याच्या अलीकडे एका दूध संस्थेसमोर पिकअप एका अंगावर कलला होता. स्प्रिंगचा पाटा तुटलेला. ड्रायव्हर भगवानराव खाली वाकून त्याच्याशी जे बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. ओट्यावर दुधाचे सहा कॅन, आणि कॅनजवळ हातात लोटा घेऊन कालिंदाताई. संस्थेची रीत अशी की रोज एक सभासद दुधाबरोबर गेवराईच्या शीतकेंद्रात जातो. गावच्या दुधाचा लोटा मांडीवर घेऊन बसतो. केंद्रात फॅट कमी लागलं तर हाच लोटा पुन्हा तपासायला लावतो. आज कालिंदाताईंची पाळी होती.

त्यांनी मला चहा दिला. कोरा. मी शहाण्यासारखं म्हणालो, "वा, तब्येतीला चांगला."

"तब्येतीला कावून? समदं दूध कॅनात गेलं."

पावसाने दगा दिलेला, चारा विकतचा, गावाला आधार या दुधाचाच. आणि दहानंतर केंद्र दूध घेत नाही. त्या उन्हात नासलं असतं तर गावाची सकाळ वाया गेली असती. मी जीप पुढे केली.

गाडीची उंची एवढी की कालिंदाताईंना चढायला कॅन पालथा घालावा लागेल, असं भगवानराव म्हणाले. मग त्यांनीच हात दिला. कॅनच्या मधे ओली पोती कोंबली आणि निघालो. पहिल्याच खड्ड्यात लोट्यातलं दूध ताईंच्या पदरावर.

"अबे, खड्डा दिसंना का?" भगवानरावांचं आतापर्यंतचं "साहेब" तिथेच सांडलं. "गाडी लई ताठ हाय. गुडघं न मोडता पळल्यावर दात वाजणारच. कॅनात लोणी निघंल."

मिलिंदचं बजावणं आठवलं, आणि ताईंचा पदरही दिसला. उतरलो, चारही घुंड्या पार सैल केल्या. आता जीप वळणावर म्हशीसारखी डुलली आणि दूध दुसऱ्यांदा पदरावर.

"लोट्यात पाणी घेऊन बघू या का?" मी विचारलं.

"पानी कुठं हाय?" ताई म्हणाल्या.

भगवानरावांनी आधी टायरांतली थोडी हवा सोडली, जरा पुढे जाऊन बघितलं, आणि मग घुंड्या कसून तिसऱ्या टप्प्यावर आणायला लावल्या. "आता हळू. नजर लोट्यावर न्हाई, रस्त्यावर." त्यांनी रस्ता बघितला, ताईंनी लोटा, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावर गाडी चालवली. कोणाला असा प्रवास करायचा असेल तर माझा सल्ला हाच: एका वेळी एकच बदल करा आणि मांडीवर लोटा असलेल्या माणसाचं ऐका.

दहाला सात मिनिटं असताना फाटक दिसलं. दूध पास झालं, फॅटही बरोबर लागलं. ताईंनी उरलेला लोटा उचलला. मला वाटलं बक्षीस. हातसुद्धा पुढे केला. त्यांनी तो कॅनमध्ये रिकामा केला, शेवटचा थेंब निथळेपर्यंत.

"रागवू नका, भाऊ. च्या पाजते." त्यांनी मला समोरच्या टपरीवर नेलं आणि पुन्हा कोराच सांगितला. मला फार लाज वाटली आणि तो चहा फार आवडला.

पुण्यात मिलिंदने घुंड्या बघितल्या. "तिसऱ्यावर? कोणी लावलं हे?"

"तलवाड्याच्या दूध संस्थेने." हात लावू नकोस, हे या वेळी मी बजावलं.

घुंड्या अजून तिसऱ्यावरच आहेत. गेल्या आठवड्यात कालिंदाताईंचा फोन आला. औंदा पाऊस बरा झाला, म्हैस व्याली, असं सांगून म्हणाल्या, "या आता, भाऊ. दुधाचा च्या हाय."