शेवटच्या ओळीचा नळ

दुसरा नळ मी चुकीच्या जागी बसवला. लोकांची सोय व्हावी म्हणून बसवला, हे तर आणखी वाईट.

मलकपेठेपलीकडे सरकारी घरांच्या पाच ओळी तयार झाल्या होत्या. मुसी नदीकाठची झोपडपट्टी उठवून माणसं तिथं आणायची होती. हैदराबाद राज्याच्या वाटणीचे दिवस. ऑफिसात काम कमी आणि इथं राहायचं की मुंबई राज्यात जायचं, याच्या चर्चा फार. मी मात्र ओव्हरसियर असूनही स्वतःला नगररचनाकार समजत होतो. सफाई कामगारांना शेवटची ओळ द्यायची, असं वरून ठरून आलं. मला त्यात काही खटकलं नाही. उलट बायकांना पुढच्या ओळीतल्या नळापर्यंत लांब चालायला नको म्हणून त्या ओळीच्या टोकाला मी वेगळा नळ दिला आणि आठवडाभर स्वतःवर खूश होतो.

माणसं राहायला आली आणि उन्हाळ्यात तो नळ आटला. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला आम्ही टेल एंड म्हणतो. तिथं दाब सगळ्यात कमी. हे मला परीक्षेत आलं होतं, साइटवर आठवलं नाही.

त्या ओळीतल्या एल्लम्माची सून नुकतीच बाळंत झालेली, आणि घरात पाण्याचा थेंब नाही. मी म्हणालो, "अम्मा, सामनेके नल पे जाओ ना!"

"आने नै देते, साब. तुमकू सरकार अलग नल दी बोलते."

"पुरानी बस्तीमें तो एकच नल था!"

"हौ. झगडते थे, पर सब उसीच पे भरते थे."

मी तिथंच दगडावर बसलो. वेगळ्या नळाच्या नकाशावर सही माझीच होती.

साहेबांकडे धावलो. ते जुने हैदराबादी इंजिनियर. पान गालात सरकवून म्हणाले, "मियाँ, तुम पाइपां देखो. दिलां जोडना अपने डिपार्टमेंट का काम नै. नल हटाना है, हटाव. झगडा हुआ तो मेरे पास आना नक्को."

नळ उखडला आणि पहिल्या नळाशेजारी, एकाच ओट्यावर लावला. आता कोण कुणाला अडवणार? दुसऱ्या दिवशी ऐटीत पाहायला गेलो. दोन्ही नळ धो धो वाहत होते. मधे कंबरेइतकी नवी भिंत. सिमेंट अजून ओलं, विटा माझ्याच साइटवरच्या. भिंतीच्या अलीकडे एक रांग, पलीकडे दुसरी. कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

मी ओरडलो, "पहार आणा रे!"

एल्लम्मानं भरलेली घागर कमरेवर घेतली आणि माझी वाट अडवली.

"रहने दो साब, पानी तो आ रा है. तुम अब घर जाओ."