फोटोतली करंगळी

मशीन खोलून पुन्हा जोडलं की दोन-चार नट हमखास उरतात. ते कुठले, कुणाला कळत नाही आणि टाकवतही नाहीत. माझ्याकडे किस्से असेच उरलेत राव! सत्तरच्या सुमाराचे, पिंपरीच्या आमच्या कंपनीतले.

तेव्हा परदेशातून जुनी मशिनं यायची. सोबत पेटीभर हत्यारं, माहिती मात्र शून्य. स्टोअरमध्ये सगळ्यांना सोडता येईना, म्हणून साहेबांनी हुकूम काढला, "फोटो काढून कॅन्टीनच्या बोर्डावर लावा. महिन्यात ओळख पटली नाही, तर भंगार!" फोटो काढायला काळेवाडीचे सलीमभाई यायचे. त्यांचा तिथे छोटासा स्टुडिओ होता.

*

पहिल्याच फोटोत एक दातेरी चाक होतं. चाकणकडचा किसन ओरडला, "आरं, हे तर गुऱ्हाळाच्या चरकाचं चाक हाय! आमचं मोडलंय." साहेब म्हणाले, "घेऊन जा." गडी दुसऱ्या दिवशी बैलगाडीसकट गेटवर हजर! स्टोअरमधून चाक आलं, ते रुपयाएवढं.

किसन म्हणाला, "चाक खिशात बसंल. बैलांना काय सांगू?"

*

त्यानंतर आकार कळावा म्हणून सलीमभाई वस्तूशेजारी आपला डावा हात ठेवायचे आणि उजव्यानं बटण दाबायचे. डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. आमच्या भोसले फिटरनं एका फोटोत करंगळीकडे बाण काढून लिहिलं, "वस्तू अनोळखी!" कशानं मोडली विचारलं, की सलीमभाई हसायचे. "ओळखा पाहू!"

*

एक नळकांडं पाहून आचारी म्हणाला, "हा सोऱ्या आहे, दिवाळीला द्या." दिला. चकल्या झकास उतरल्या, फक्त वास जरा मशीन शॉपचा होता. ती ग्रीस भरायची पिचकारी निघाली.

साहेबांनी दोन चकल्या आधीच खाल्ल्या होत्या!

*

एक विचित्र पकड मात्र कुणालाच ओळखता आली नाही. शनिवारी ती भंगारात गेली. सोमवारी लेथचा चामडी पट्टा तुटला आणि बोर्डासमोर भोसले कपाळावर हात मारून उभा. "अरे, ही पट्टा शिवायची पकड!" आम्ही भंगारवाल्याकडे धावलो, तोवर ती भट्टीत गेली होती. फोटो तेवढा राहिला.

*

खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली, की ग्रुप फोटो. आम्ही दरवर्षी म्हणायचो, "सलीमभाई, तुम्हीपण या!" ते म्हणायचे, "मी आलो तर बटण कोण दाबणार?"

"पुढच्या वर्षी आम्ही दाबू!"

अवघड मशिनं चालवणारे आम्ही, पण एकानंही कॅमेऱ्याला बोट लावलं नाही. ही हळहळ अजून जात नाही.

*

एका पावसाळ्यात सलीमभाई काविळीनं गेले. महिनाभरानं त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, कंपनीत आल्या. "घरात त्यांचा एकपण फोटो नाही. लग्नातला होता, तो वाळवीनं खाल्ला. तुमच्या कुठल्या फोटोत असतील तर बघा ना, भाऊ."

सगळे ग्रुप फोटो पाहिले. सलीमभाई एकातही नव्हते. शेवटी भोसलेनं बोर्डावरचे जुने फोटो आणून भाभींपुढे ठेवले.

त्यातला त्या पकडीचा फोटो भाभींनी उचलला. पकडीवर पदराचं टोक ठेवलं. उरला फक्त हात.

"ही करंगळी मी मोडली," त्या म्हणाल्या. "नवी नवरी होते. दार लोटलं, त्यात सापडली. रडत मी होते आणि हे हसत होते. म्हणाले, कुणाला सांगणार नाही."